फी भरली की हिशोब मिटला, मग माजी विद्यार्थी कॉलेजला देणगी का देतात?

‘फी भरली की हिशोब मिटला, मग माजी विद्यार्थी कॉलेजला देणगी का देतात?’ असं तुम्ही विचारलंत. त्यातलं ‘हिशोब मिटला’ हे वाक्य माझा थोरला भाऊ गेली पंधरा वर्षं मला ऐकवतोय, म्हणून लिहायला बसलो.

आधी फीचंच बघा. मी साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजातून बी.कॉम. झालो, १९९६ साली. अनुदानित कॉलेजात प्राध्यापकांचा पगार सरकारी तिजोरीतून होतो. जमीन, इमारत, हॉस्टेल आधीच कुणी कुणी देऊन ठेवलेलं असतं. माझ्या फीतून यातलं काय आलं असतं? हिशोब मिटला म्हणणाऱ्यांनी तो कधी मांडलेलाच नसतो.

आमची शेती माण तालुक्यात, सगळी जिरायत. मी ‘कमवा व शिका’त होतो. काम लायब्ररीत. संध्याकाळी दोन तास फाटकी पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चढवायचे, शिक्के मारायचे. मैद्याची खळ मीच शिजवायचो, त्यात मोरचूद घालून, नाहीतर झुरळं पानं कुरतडतात. शेवटच्या वर्षी जूनमध्ये कॉस्टिंगच्या (उत्पादनखर्चाच्या हिशोबाच्या) पुस्तकांचा गठ्ठा आला. चाळीस प्रती. प्रत्येकीच्या आतल्या पानावर लेबल डकवायचं होतं: ‘मातोश्रींच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’, खाली एका माजी विद्यार्थ्याचं नाव आणि त्याच्याखाली ‘वाहक, एस.टी.’. चाळीसही लेबलं मी माझ्या हातानं लावली. त्यातलीच एक प्रत बुक बँकेतून मला मिळाली. वर्षभर वापरली, परीक्षा झाल्यावर परत केली. ते पुस्तक विकत घेणं मला शक्यच नव्हतं. त्या कंडक्टरांना मी कधी पाहिलं नाही. त्यांचा पगार तेव्हा किती असेल याचा अंदाज मात्र नोकरीला लागल्यावर आला, आणि तेव्हापासून दर जूनला मी लायब्ररीला पैसे पाठवतो.

रयतमध्ये हे मुरलेलंच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावात संस्था काढली, पुढे साताऱ्यात बोर्डिंग चालवलं, आणि तिथल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. अशा ताटात जेवून वाढलेल्या पोरांना ‘देणगी का देता’ असं विचारावं लागत नाही.

आता दादाचं. पुतण्याच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला एका खासगी कॉलेजनं रोख रक्कम मागितली. पावती नाही. वहिनीचं सोनं गहाण टाकून दादानं ती भरली. तेव्हापासून त्याच्यापुढे ‘कॉलेज’ आणि ‘देणगी’ हे शब्द एकत्र काढायची सोय नाही. त्याचा राग खरा आहे. पण दादा, ती देणगी नव्हती, सीटची किंमत होती. महाराष्ट्रात अशा कॅपिटेशन फीला (प्रवेशासाठी वरून उकळलेल्या पैशाला) बंदी घालणारा कायदा १९८७ सालचा आहे. त्या लोकांनी ‘डोनेशन’ म्हणून म्हणून शब्द इतका नासवला की आज कॉलेजनं सरळ मदत मागितली तरी माणूस खिसा दाबून धरतो. त्यांनी लुबाडलं म्हणून त्या कंडक्टरांची पुस्तकं खोटी ठरत नाहीत. हे मी दिवाळीत सांगितलं, गणपतीत सांगितलं, आता इथे लिहितोय.

मोठे आकडे वाचून दबून जाऊ नका. इन्फोसिसचे नंदन निलेकणी तिथलेच माजी विद्यार्थी, त्यांनी २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी दिले, त्याच वर्षी तिथल्या १९९८ च्या बॅचनं ५७ कोटी जमवले. चांगलंच केलं. पण आयआयटीला देणारे पुष्कळ आहेत. तालुक्याच्या कॉलेजला पाच हजार रुपये आले तर त्याच आठवड्यात कुणाचा तरी परीक्षेचा फॉर्म भरला जातो. माजीच कशाला, शिकणारी मुलंही आपसात वर्गणी काढतात, ती बहुधा यासाठीच: बरोबरचा मित्र फीअभावी गळू नये म्हणून.

सगळेच कृतज्ञतेनं देतात असं मात्र नाही. कुणाला कोनशिलेवर नाव हवं असतं. काही कॉलेजांना नॅकचं (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं) मूल्यांकन आलं म्हटल्यावरच माजी विद्यार्थी आठवतात, कारण माजी विद्यार्थ्यांचा सहभागही तिथे बघतात. आणि कराचं म्हणाल तर (माझा धंदाच तो आहे) देणगीवरची आयकराची सवलत (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०जी) जुन्या कररचनेतच मिळते, दोन हजारांच्या वर रोख दिलं तर मिळत नाही, आणि संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मागून घ्या. पैसे कशासाठी देताय ते पत्रात लिहून द्या, नंतर हिशोब विचारा. विचारलेलं आवडत नसेल त्या कॉलेजला देऊ नका.

येत्या जूनला कॉस्टिंगच्याच चाळीस प्रती द्यायच्या ठरवल्यात. लेबलावर आमच्या आईचं नाव घालायचंय. आई दोघांची, म्हणून निम्मे पैसे देतोस का असं दादाला विचारलंय. अजून हो म्हणालेला नाही.