करवंदं तोडायला पहिल्यांदाच जाताय ना, मग एवढंच बघा

पहिल्याच सीझनला जॅम, सरबत, लोणचं सगळं करायला जाऊ नका, आधी नीट तोडायला शिका. एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीत कातळाच्या कडेनं करवंदाच्या जाळ्या (काटेरी झुडपं) दिसतातच, पण सगळ्यांची पहिली चूक तीच, लालसर दिसलं की तोडलं! पूर्ण काळं आणि बोटाला मऊ लागलं तरच खायचं, नाहीतर चीक ओठाला असा चिकटतो की पाण्यानं हलत नाही, खोबरेल तेल चोळत बसावं लागतं (मी बसलोय).

- फुल बाह्यांचा शर्ट घाला, काटे जोडीनं असतात, एक चुकवला की दुसरा लागतोच.
- घाणेरी (टणटणी) या रानटी झुडपालाही बारीक काळी फळं येतात, झुपक्यात. पहिल्यांदा गावातलं कुणीतरी माहितगार सोबत न्या, अंदाजानं काही तोंडात टाकू नका.
- प्लॅस्टिक पिशवीत कोंबू नका, घरी येईपर्यंत लगदा होतो. पसरट टोपली घ्या.

आणि जॅमचा मोह आवरलाच नाही तर त्यात मूठभर कच्ची करवंदं टाका, त्यांच्यात पेक्टिन (जॅम घट्ट करणारा घटक) भरपूर असतं, बाहेरची पेक्टिन पावडर लागत नाही. भांडं स्टीलचं, आंबट आहे म्हणून लोखंडी कढई नको. लोणच्याचं पुढच्या वर्षी बोलू.