अकॉर्डियनवर शास्त्रीय सोलो वादक म्हणून करिअर होऊ शकतं का?

होऊ शकतं. पण तुम्ही पुढे विचारलंय की दोन-चार आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या की मैफिली आपोआप मिळत जातात का, तर तसं होत नाही. जर्मनीतल्या क्लिंगेनथाल किंवा इटलीतल्या कास्तेलफिदार्दोच्या अकॉर्डियन स्पर्धेतल्या विजेत्याकडे लोकांचं लक्ष जातं, हे खरं. ते टिकतं मात्र तुम्ही काय वाजवता यावर. मी स्वतः हे वाद्य वाजवतो आणि शिकवतो, त्यामुळे हे अगदी तळमळीने सांगतोय.

खरी अडचण वाद्याच्या वयात आहे. 1829 मध्ये व्हिएन्नात डेमियानने अकॉर्डियनचं पेटंट घेतलं, तेव्हा बेथोव्हेनला जाऊनही दोन वर्षं झाली होती. पुढची जवळजवळ शंभर वर्षं ते नाचगाण्यातच रमलं. जर्मन संगीतकार ह्यूगो हेरमानने मैफिलीसाठी मूळ अकॉर्डियन रचना लिहिल्या त्या 1927 मध्ये. मग ऑर्केस्ट्राने तुम्हाला बोलवायचं ते काय वाजवायला? बाख आणि स्कार्लात्ती या वाद्यावर सुरेख वाजतात, पण ते उसनं धन.

म्हणूनच ज्यांनी नाव कमावलं, त्यांनी आपल्यासाठी संगीत लिहून घेतलं. डेन्मार्कचे अकॉर्डियनवादक मोगेन्स एलेगार्ड यांच्यासाठी संगीतकार ओले श्मिट यांनी 1958 मध्ये ऑर्केस्ट्रासह रचना केली. मॉस्कोत वादक फ्रिडरिख लिप्स यांच्यामुळे संगीतकार सोफिया गुबैदुलिना बायानकडे, म्हणजे बटणांच्या रशियन अकॉर्डियनकडे वळल्या आणि 1978 मध्ये ‘दे प्रोफुंडिस’ आलं. ते नक्की ऐका. त्यात एकही स्वर न लावता भात्यातली नुसती हवा सोडलेली ऐकू येते, आणि वाद्य श्वास घेतंय असं वाटतं. दुसऱ्या कुठल्या वाद्याकडून हे इतकं सहज होईल?

डाव्या हाताचं आजच ठरवा. साध्या बासमध्ये एका बटणाला तयार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे ठरलेले स्वर मिळतात, त्यावर फ्यूग, म्हणजे अनेक स्वतंत्र सुरावटी एकत्र गुंफलेली रचना, वाजणार नाही. फ्री बास (प्रत्येक बटणाला एकच सुटा स्वर) किंवा कन्व्हर्टर (दोन्ही पद्धतींत बदलता येणारी यंत्रणा) लागतोच. अशी मैफिलीची वाद्यं बारा-पंधरा किलोंची असतात, तेव्हा पाठीची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या.

पैशांचं म्हणाल तर बहुतेकांचं घर शिकवण्यावर आणि चेंबर संगीतावर, म्हणजे मोजक्या वादकांच्या छोट्या गटातल्या वादनावर चालतं, ऑर्केस्ट्रापुढचे सोलो कार्यक्रम मोजकेच. क्सेनिया सिदोरोवासारखं मोठ्या रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोचणारे फार थोडे.

तुमच्याच वयाचे, रचना शिकणारे विद्यार्थी शोधा. यातल्या बहुतेकांनी अकॉर्डियन जवळून पाहिलेलंच नसतं. त्यांच्या शेजारी बसून वाजवून दाखवा: बोट तसंच दाबलेलं, पण केवळ भात्याच्या जोरावर तो स्वर अगदी बारीक सुरू होऊन खोली भरून टाकतो. भाता कुठे उलटा फिरवावा लागतो, बेलोज शेक (भाता झपाट्याने आत-बाहेर हलवणं) किती वेळ टिकतो, दोन्ही हातांचे स्वर कुठून कुठवर जातात, हे कागदावर लिहून द्या. मग पाच मिनिटांची एक रचना मागा आणि ती एकदाच वाजवून ठेवून देऊ नका, प्रत्येक कार्यक्रमात घ्या.