टॉवेलाचं तूस

प्रिय पोरी,

तुझं पत्र पोचलं. समुद्र तू एकदाच पाहिलास, तोही शाळेच्या सहलीत, आणि आता खोल समुद्रातल्या ड्रिलिंगसाठी कॅमेरा आणि सोनार (आवाज सोडून प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणारं यंत्र) सांभाळायचं म्हणतेस. सोलापूरच्या पोरीला हे जमेल का, असं विचारलंयस. मी बोटीवर चढलो तेव्हा मला धड पोहताही येत नव्हतं. त्यावाचून काही अडलं नाही.

आधी काम समजून घे. खाली 4 किलोमीटर पाणी, त्याखाली खडकात पाडलेलं भोक. पाइपाच्या टोकाचा खडक कापणारा दाता, म्हणजे बिट, झिजला की सगळा पाइप वर ओढायचा, बिट बदलायचा आणि पुन्हा त्याच भोकात घालायचा. भोकाच्या तोंडावर साधारण 12 फुटी नरसाळं बसवलेलं असतं, पाइप 5 इंची. याचा अंदाज घरीच घे. चादरीच्या सुताचा एक धागा तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली सोड आणि जमिनीवर ठेवलेल्या शर्टाच्या बटणावर त्याचं टोक टेकव. वाऱ्याच्या जागी समुद्राचे प्रवाह धर. वर जहाज सरकवलं की खालचं टोक लगेच हलत नाही, सावकाश मागून येतं. नवा माणूस इथेच घाई करतो आणि नरसाळं ओलांडून पुढे जातो.

1970 मध्ये ग्लोमार चॅलेंजर जहाजाने न्यूयॉर्कसमोर अटलांटिकमध्ये, सुमारे 3,000 मीटर पाण्यात, हे पहिल्यांदा करून दाखवलं. तेही नुसत्या सोनारवर. पुढे जॉइडिस रिझोल्यूशनवर कॅमेरा आणि सोनार एका चौकटीत बसवून ती चौकट पाइपाभोवतीच खाली सोडायचे. हे जहाज 2024 मध्ये कामातून निवृत्त झालं, पण जपानचं चिक्यू आहे, चीनचं नवं जहाजही आलंय. काम संपलेलं नाही.

सोनार शोधतो, कॅमेरा खात्री करतो, हे डोक्यात पक्कं बसव. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,500 मीटर जातो. 50 मीटरवरच्या नरसाळ्याचा प्रतिध्वनी डोळ्याची पापणी लवायच्या आत परत येतो. कॅमेऱ्याला मात्र स्वच्छ पाण्यातही शेवटचे काही मीटरच दिसतात. दिवा कॅमेऱ्याला चिकटवून लावलास तर पाण्यातले कण चमकतात आणि पडद्यावर नुसता पांढरा धूर. थंडीच्या धुक्यात हायवेवर अप्पर मारल्यावर होतं, तसंच. म्हणून दिवे बाजूला, तिरके लावायचे. पडद्यावर दिसणारा दगड लिंबाएवढा की कलिंगडाएवढा, तेही नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी ठरावीक अंतरावरचे दोन समांतर लेझर ठिपके त्यावर पाडतात.

आता माझी फजिती ऐक. नोकरीचं दुसरं वर्ष. पाणी जेमतेम 80 मीटर. कॅमेऱ्याचं झाकण लावण्याआधी ओ-रिंगची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची, खाच मी घरून आणलेल्या टॉवेलाने पुसली. आपला सोलापुरी टॉवेल, मऊसूत, मला केवढा अभिमान! त्याचं एक तूस रिंगेखाली राहिलं. वीस मिनिटांत पडदा काळा. वर काढून झाकण उघडलं तर आतून खारं पाणी भळाभळा वाहिलं. साहेब काहीच बोलले नाहीत, नुसतं ते तूस चिमट्यात धरून माझ्यासमोर ठेवलं. अजून डोळ्यांसमोर आहे.

4,000 मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 400 किलोच्या वर दाब. 10 सेंटिमीटर व्यासाच्या काचेवर 31 टनांहून जास्त होतो, म्हणजे उसाने भरलेले दोन ट्रक. त्यामुळे महागड्या लेन्सची नावं पाठ करण्याआधी रिंग, ग्रीस, कनेक्टर आणि केबलची टोकं शिक. बहुतेक वेळा उपकरण तिथेच दगा देतं. सोल्डरिंग हातात बसव. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स घे, पण आवाजाच्या लहरींचं गणित टाळू नकोस. मी टाळलं होतं, मग तिशीत रात्री जागून शिकावं लागलं.

समुद्र लांब आहे म्हणून बसून राहू नकोस. कोयनेजवळ गोठण्याला भूकंपाच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल भोक पाडलंय, सव्वा किलोमीटर काळा पाषाण आणि खाली ग्रॅनाइट. हे काम पाहणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा कराडला आहे. अशा भोकांच्या भिंतीही आवाजाने 'बघता' येतात. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने 2010 मध्ये आपलं रोसब हे वरून चालवायचं बिनमाणसाचं यंत्र हिंदी महासागरात 5,289 मीटर खोल नेलं होतं. या दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी काय आहे, ते स्वतः पत्र लिहून विचार. माझी ओळख सांगू नकोस, तुझ्या प्रश्नातच दम असू दे.

आणि मे महिन्यात मोहोळला ये. तिथे बोअरमध्ये कॅमेरा सोडणारा माझा एक दोस्त आहे. मोटर काढल्यावर गाळ बसेपर्यंत तो कॅमेऱ्याला हात लावत नाही, मालकाने कितीही घाई केली तरी. दोन दिवस त्याच्याबरोबर फिर. केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाकडचा आधाराचा पाइप, कुठं संपलं, झरा कुठल्या फटीतून येतोय, हे पडद्यावर तू आधी ओळखतेस की तो, बघू. टोपी आण, पाण्याची बाटली आण. पुसायचं कापड मी देईन.

तुझा,
काका