फॉर्ममधला रिकामा रकाना

परळहून आलेले तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी त्याचा आशय थोडक्यात देते. तुमचे वय ३८ आहे. सहा वर्षांपूर्वी बायपोलर विकाराचे (ज्यात मन कधी उन्मादाकडे, तर कधी नैराश्याकडे झुकते) निदान झाले, तेव्हापासून मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी तुम्ही लिथियमच्या गोळ्या घेता आणि तब्येत स्थिर आहे. येत्या जानेवारीत चाळीस जणांचा एक गट मानसिक आरोग्याच्या कामासाठी निधी जमवत मुंबई ते गोवा सहा दिवसांत सायकलने जाणार आहे आणि तुम्ही त्यात नाव नोंदवले आहे. प्रत्येकाने २५ हजार रुपये जमवायचे आहेत. आयोजकांच्या आरोग्यविषयक फॉर्ममध्ये ‘सध्या चालू असलेली औषधे’ हा रकाना तुम्ही रिकामा सोडला आहे. रोज रात्री जेवणानंतर एकेकाने स्वतःचा अनुभव सांगावा, अशी तिथे पद्धत आहे. तुमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू असल्यामुळे पत्नीचे म्हणणे असे, की जाऊच नये आणि गेलात तर कोणाला काही सांगू नये. तुमचा प्रश्न असा : “ज्या आजारासाठी मी लोकांकडे पैसे मागतो तो मला स्वतःला आहे, हे लपवून सायकल चालवणे म्हणजे फसवणूक नाही का?”

नाही, ती फसवणूक नाही. देणगी देणाऱ्याला तुमच्या आजाराची माहिती मिळण्याचा काहीही हक्क नाही. आपला पैसा कुठे जातो, हे जाणण्याचा हक्क मात्र त्याला पुरेपूर आहे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, आयकर सवलतीची पावती मिळेल का (दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही), तुमच्या राहण्याजेवणाचा खर्च देणग्यांतून होणार की तुमच्या खिशातून, या प्रश्नांची उत्तरे आयोजकांकडून घेऊन ठेवा आणि कोणी विचारले तर ती स्वच्छ सांगा. पैसे मागताना एवढा प्रामाणिकपणा पुरतो.

तो रिकामा रकाना मात्र मला अस्वस्थ करून गेला. पत्रात तुम्ही त्याला एकच ओळ दिली आहे, मी त्यावर जास्त लिहिणार आहे. लिथियम हे असे औषध आहे, की त्याची रक्तातली पातळी थोडी खाली गेली तर उपयोग होत नाही आणि थोडी वर गेली तर विषबाधा होऊ शकते. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम बाहेर टाकण्याऐवजी धरून ठेवतात आणि पातळी चढते. जानेवारीतही कोकणातले ऊन अकरानंतर चांगले तापते, किनाऱ्याचा रस्ता सपाट दिसला तरी प्रत्येक खाडीनंतर चढ असतो, आणि रोज नव्वदएक किलोमीटर चालवणाऱ्याच्या अंगातून किती घाम जातो हे तुम्हाला सरावातून माहीत असेलच. अशात तिसऱ्या दिवशी गुडघा दुखू लागतो आणि शेजारचा भला माणूस आपल्या पाऊचमधून वेदनाशामक गोळी काढून देतो. ती आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक असली तर लिथियमची पातळी आणखी वर जाते. घरोघरी असणाऱ्या कॉम्बिफ्लॅममध्येही आयबुप्रोफेन असते. देणाऱ्याला तुमची गोळी माहीत नसते आणि तुम्ही थकलेले असता. हात जोराने थरथरू लागले, उलट्याजुलाब झाले, तोल जाऊ लागला किंवा जीभ जड झाली, तर सगळे म्हणणार की ऊन लागले, सावलीत बसवा. खरे काय झाले आहे हे ओळखणारा तिथे कोणीच नसेल.

म्हणून तो रकाना भरा. औषधाचे नाव, मात्रा आणि डॉक्टरांचा नंबर एवढे पुरे आहे, निदान लिहिलेच पाहिजे असे नाही. फॉर्म कोण वाचणार आणि सहल संपल्यावर तो कुठे राहणार, हे आयोजकांना आधी विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर घातले आहे, सायकलगटाच्या स्वयंसेवकांवर नाही. तेव्हा सोबतच्या डॉक्टरांना आणि तुमच्याबरोबर चालवणाऱ्या एका विश्वासू माणसाला तोंडी सांगा. चाळीसांपैकी दोघांना कळले की काम झाले. त्या दोघांना विषबाधेची लक्षणेही सांगून ठेवा. अलिबाग सोडल्यावर रत्नागिरीपर्यंत मोठे रुग्णालय सहज हाताशी नसते, म्हणून रोजच्या टप्प्यावर सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हेही त्यांच्याकडे लिहिलेले असू द्या. तुमच्या गोळ्या सामानाच्या गाडीत टाकू नका. गाडी बाणकोटला पोहोचलेली असते आणि तुम्ही अजून आगरदांड्याच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट पाहत असता.

आता तुमच्या पत्नीबद्दल. ‘तिला कारणच नसते, तरी ती घाबरते’ असे तुम्ही लिहिले आहे, ते मला पटले नाही. त्याच पत्रात पुढे असेही आहे, की सहा वर्षांपूर्वीची सुरुवात तीन रात्रींच्या जागरणाने झाली होती आणि त्या तिन्ही रात्री त्या तुमच्यासोबत जाग्या होत्या. बायपोलर विकारात झोप तुटणे हे उन्मादाच्या झटक्याचे ठळक कारण असते. सायकलगट पहाटे पाचला निघतात, रात्री गप्पा रंगतात, आणि दिवसभराच्या श्रमानंतर येणारी ती विलक्षण हुशारी निरोगी थकव्याची आहे की मनःस्थिती वर चढू लागल्याची, हे तुम्हाला आतून लगेच ओळखता येईलच असे नाही. त्यांना ते फोनवरच्या आवाजातूनही ओळखता येईल, कारण त्यांनी ते एकदा पाहिले आहे. तेव्हा दोघांत एक करार करा. रात्री साडेनऊला अंथरुणावर पडायचे. सलग दोन रात्री झोप पाच तासांच्या खाली गेली किंवा त्यांनी फोनवर ‘थांबा’ म्हटले, तर वाद न घालता सायकल गाडीत टाकायची. हा अधिकार त्यांना मनापासून देता येत नसेल, तर या जानेवारीत तुम्ही जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र ‘कोणालाच कधीच कळू नये’ हे त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. माझ्या आजोळी एका मामाच्या गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यामागे असायची. पाहुणे आले की आजी आधी डब्याकडे बघायची. मामाला शेवटपर्यंत वाटत राहिले की आपल्या हातून काही अपराध घडला आहे. तुमच्या घरात तसे होऊ नये. बहिणीला तरी तुम्ही स्वतः सांगा. तिच्या लग्नाच्या बोलण्यात या गोष्टीचे काय करायचे, हे ठरवण्यात तिचाही शब्द असला पाहिजे आणि आज तो कोणी विचारलेलाच नाही.

रात्रीच्या अनुभवकथनात मात्र या वेळी बोलू नका. दिवसभर एकत्र घाम गाळलेल्या चाळीस माणसांसमोर मन भरून येते, टाळ्या पडतात, कोणीतरी मोबाइल समोर धरलेला असतो, आणि गणपतीपुळ्यात बोललेले वाक्य तुम्ही मालवणला पोहोचण्याआधी बहिणीच्या होणाऱ्या सासरच्या ग्रुपवर जाऊ शकते. शिवाय मनःस्थिती वर असतानाच सगळे सांगून टाकण्याची ओढ अनावर होते, हे तुम्ही एकदा अनुभवले आहे. सांगायचेच असेल तर घरी परतल्यावर, एखाद्या साध्या मंगळवारी, पुरेशी झोप झालेली असताना ठरवा. तोवर “मी या कामासाठी आलो आहे, माझ्याबद्दल पुन्हा कधी” एवढे म्हणणे पुरे आहे.

आणखी एका गोष्टीची तयारी ठेवा. अशा प्रवासात माणसे मोकळी होतात, आणि दाभोळला फेरीबोटीची वाट पाहताना कोणी तुम्हाला जगणे नकोसे झाल्याचे सांगेल, असेही होऊ शकते. सल्ले देऊ नका, ऐका, त्या माणसाला एकटे सोडू नका आणि सोबतच्या डॉक्टरांना लगेच बोलवा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा. तिथे चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येते.

फॉर्मची मुदत ३० तारखेपर्यंत आहे असे तुम्ही लिहिले आहे, त्यामुळे आधी तुमच्या मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. लिथियमची पातळी आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. रक्त शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यायचे असते. घाम जाणाऱ्या दिवसांत पाणी, मीठ आणि क्षारांची पावडर किती घ्यायची, गुडघा दुखला तर कोणती गोळी चालेल, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि मनाने मात्रा कमीजास्त करू नका. त्या भेटीला पत्नीला सोबत न्या आणि पहिला प्रश्न त्यांना विचारू द्या.