रिपोर्ट नॉर्मल, मग छाती का धडधडते?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही रावेर तालुक्यातले, केळी आहे आमची. जूनच्या वादळात घड कापायला आलेली बाग आडवी झाली तेव्हापासून यांची छाती मधूनच धडधडते, मान आखडते, पोटात जळजळ, रात्री जाग आली की परत झोप नाही. ईसीजी नॉर्मल आला, शुगर मात्र जरा वाढलेली आहे. घरातले म्हणतात टेन्शन आहे नुसतं, मनावर घेऊ नका. खरंच हे मनाचंच असतं का?

उत्तर : नाही ताई, अजिबात नाही. संकट दिसलं की किडनीच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात, मग ठोके वाढतात, बीपी चढतं, मानेचे स्नायू ताठ होतात आणि लिव्हर रक्तात साखर सोडतं. बांधावर साप दिसला तर हे सगळं कामाचं आहे, साप गेला की थोड्या वेळात उतरतंही. सोसायटीचं पीककर्ज मात्र रोज डोळ्यासमोर, त्यामुळे उतरायला वेळच मिळत नाही. १९३६ साली हान्स सेल्ये या शास्त्रज्ञांनी उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम असे वेगवेगळे त्रास देऊन पाहिलं, तर त्रास कुठलाही असो, अॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या आणि जठरात व्रण. उंदराला कोण म्हणणार मनावर घेऊ नको?

तरी सगळं टेन्शनवर ढकलू नका. मान दुखते म्हणून उपाशीपोटी पेनकिलर घेतात का ते विचारा, जळजळ त्यानेही होते. शुगरसाठी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी करा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही बघून घ्या. आणि एकदा ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका, छातीवर दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं असं काही झालं तर गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना.

झोपेचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रात्री कॉर्टिसॉल उतरलेलं असायला हवं, आणि आपल्याकडे शेतपंपाची थ्री फेज वीज रात्रीची आली की माणूस बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघतो, परत येऊन तंबाखू, चहा, मग झोप कशी लागणार! निकोटिनने धडधड अजून वाढते. मोटरची पाळी भावाला, मुलाला वाटून द्या, संध्याकाळनंतर चहा बंद. आणि ते गप्प गप्प राहत असतील, जगण्यात अर्थ नाही असं काही बोलले तर थांबू नका, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतः लावला तरी चालतो.