स्टाउट नुसती कडूच लागते, काय करू?

प्रश्न: डिसेंबरात मुंबईत जरा गारवा आला की मित्र स्टाउट ही काळपट बिअर प्यायचा आग्रह करतात, पण मला ती नुसती कडू लागते. चाखायची कशी?
– एक वाचक, दादर

उत्तर: अहो, फ्रीजमधून काढल्या काढल्या प्यायलात तर कडूच लागणार! फार गार बिअरचा वास दबतो, म्हणून १५-२० मिनिटं बाहेर ठेवा, साधारण १०-१३ डिग्रीला आली की छोट्या ग्लासात ओतून आधी मस्त वास घ्या, भाजलेल्या बार्लीमुळे कॉफी, डार्क चॉकलेट असं काहीतरी जाणवेल बघा. सुरुवात पोर्टरने करा, तीही काळपट बिअरच, पण बहुधा जरा सौम्य. इम्पिरियल स्टाउट एकदम शेवटी, कारण तिच्यात अल्कोहोल बहुतेक वेळा ८ टक्क्यांच्या वर असतं, ती आधी घेतली की हलक्या बिअरची चवच कळत नाही. सोबत तिखट शेव नको, खारे शेंगदाणे बेस्ट. आणि घरी जाताना टॅक्सीच करा.