पहिल्या पूल क्यूसाठी कोणती केस घ्यावी?

तुम्ही मधोमध उघडणारा पहिला पूल क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, घेतला आहे, त्याबरोबर एक पातळ रेक्झिनची पिशवी मिळाली आहे आणि क्यू घेऊन तुमची नियमित ये-जा असते. अशा वेळी केस मऊ घ्यावी की कडक, ती किती क्यूंची असावी आणि चामड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. कडक गाभ्याची, प्रत्येक तुकड्याला अस्तर लावलेला स्वतंत्र कप्पा देणारी आणि दोन बट (क्यूचा मागचा, जाड तुकडा) व तीन किंवा चार शाफ्ट (पुढचा, निमुळता तुकडा) मावतील एवढी केस घ्या. चामडे मनापासून आवडत असेल तरच घ्या, कारण क्यूच्या संरक्षणाशी त्याचा संबंध फार थोडा आहे. यामागची कारणे मात्र जरा सविस्तर सांगायला हवीत, कारण दुकानात गेल्यावर आपली नजर बहुधा उलट्या क्रमाने फिरते: आधी रंग आणि नक्षी, मग खिसे, आणि आतली बाजू सर्वांत शेवटी.

जपायचे काय आहे, ते आधी पाहू. प्रचलित पूल क्यू सुमारे 58 इंच, म्हणजे 147 सेंटिमीटर लांब असतो आणि जॉइंटपाशी, म्हणजे दोन तुकडे जोडले जातात तिथे, उघडल्यावर त्याचे साधारण 29 इंचांचे दोन तुकडे होतात. बट जाड असतो, त्यावर पॉलिशचे थर असतात, आणि त्याला लहानसहान टक्का बसला तर दिसायला वाईट दिसते, पण खेळावर परिणाम होत नाही. शाफ्टची गोष्ट वेगळी आहे. तो बहुधा मेपलच्या लाकडाचा असतो, टिपेपाशी (चेंडूला लागणाऱ्या टोकापाशी) त्याची जाडी 13 मिलिमीटरच्या आसपास असते, आणि प्रत्येक फटक्याच्या वेळी तो तुमच्या ब्रिजच्या, म्हणजे टेबलावर टेकवून क्यूला आधार देणाऱ्या हाताच्या, बोटांमधून मागेपुढे सरकतो. डोळ्यांना न दिसणारी खळीसुद्धा बोटांना जाणवते आणि एकदा जाणवली की फटका मारताना लक्ष तिकडेच जाते. म्हणून केसची परीक्षा करताना ‘ही शाफ्टला कसे सांभाळते’ हाच प्रश्न मुख्य मानावा. बटची सोय त्यात आपोआप होते.

आता शाफ्टचा आकार लक्षात घ्या. जॉइंटपाशी तो सुमारे 21 मिलिमीटर जाड असतो आणि टिपेकडे निमुळता होत जातो. कप्पा अर्थातच जाड टोकाच्या मापाने केलेला असतो, त्यामुळे बारीक टोकाभोवती पोकळी उरते आणि चालताना ते टोक आतल्या आत कप्प्याच्या भिंतीवर आपटत राहते. बाहेरून कितीही भक्कम दिसणारी केस इथे उघडी पडते, कारण बाहेरच्या धक्क्यापासून वाचलेला शाफ्ट आतल्या खडखडाटाने हळूहळू खराब होतो. यावर उपाय म्हणजे दाट लव असलेले जाड अस्तर किंवा शाफ्टला सर्व बाजूंनी अलगद धरून ठेवणारा फोम. नुसते गुळगुळीत प्लास्टिक किंवा एका पातळ कापडाने मढवलेली नळी पुरेशी नाही. पारख करण्याची रीत सोपी आहे: स्वतःचा क्यू दुकानात न्या, केसमध्ये ठेवा, झाकण लावा आणि केस कानाजवळ धरून हलक्या हाताने हलवा. लाकूड भिंतीवर आपटल्याचा आवाज आला, तर दुसरी केस पाहा. नंतर झाकण उघडे ठेवून, खाली हात धरून केस सावकाश उलटी करा. तुकडे थोडे अडखळत बाहेर आले तर अस्तराची पकड ठीक आहे. सर्रकन घसरले तर कप्पे सैल आहेत. बोट जाईल तेवढे आत घालून कडा, वर आलेला गोंद किंवा एखादी स्टेपल लागते का, तेही चाचपून पाहा.

मऊ केस की कडक, हा वाद मला फारसा मोठा वाटत नाही. मऊ केस म्हणजे फोम घातलेली लांब पिशवी. ती धूळ आणि ओरखडे अडवते, पण तिच्यावर वजन पडले की ते थेट क्यूवर येते. घरातून क्लबमध्ये आणि क्लबातून घरी, तेही केस हातातच ठेवून, एवढाच प्रवास असेल तर ती चालते. गाडीच्या डिकीत इतर सामानाबरोबर, बसमध्ये किंवा रेल्वेत क्यू न्यायचा असेल तर कडक गाभा हवा. कडक केसचेही दोन मुख्य प्रकार आहेत. एक नळीसारखा, ज्यात तुकडे वरून आत सोडायचे. दुसरा पेटीसारखा, जो आडवा उघडतो आणि ज्यात तुकडे फोमच्या खाचांमध्ये बसवायचे. पेटीत क्यू हलत नाही आणि सगळे एका नजरेत दिसते, पण ती उघडायला टेबलाएवढी मोकळी जागा लागते, आणि गर्दीच्या हॉलमध्ये ती सहसा नसते. शिवाय हलक्या पेट्यांच्या कडांना आणि बिजागऱ्यांना लवकर ढिलाई येते. रोजच्या वापराला मला नळीचा प्रकारच सोयीचा वाटतो. नळीच्या मधोमध दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहा. ती आत जात असेल तर तिला कडक म्हणण्यात अर्थ नाही.

केसवर ‘1×1’, ‘2×2’, ‘2×4’, ‘3×6’ असे आकडे लिहिलेले असतात. पहिला आकडा किती बट मावतात ते सांगतो आणि दुसरा किती शाफ्ट मावतात ते. आज तुमच्याकडे एकच क्यू असल्याने 1×1 किंवा 1×2 पुरेशी वाटेल. तरीही एक पायरी पुढची घ्या, असे मी सुचवतो. खेळात रमलेला माणूस बहुधा लवकरच ब्रेकसाठी, म्हणजे चेंडू फोडण्याच्या पहिल्या जोरदार फटक्यासाठी, वेगळा क्यू घेतो, कारण ब्रेकच्या फटक्याने रोजच्या क्यूची टिप चपटी होते, आणि त्यानंतर एखादा जादा शाफ्टही येतोच. मात्र हाच तर्क ताणून 4×8 पर्यंत जाऊ नका. एका क्यूचे वजन साधारण 510 ते 595 ग्रॅम भरते, पण मोठी चामडी केस रिकामीच त्याच्या कितीतरी पट जड असते, आणि ती खांद्यावर तुम्हालाच वागवायची असते.

लांबीच्या बाबतीत बाहेरच्या मापावर विसंबू नका. आतली खोली मोजा. 29 इंचांच्या तुकड्यावर जॉइंटची टोपी चढवली की इंच-दीड इंच सहज वाढतो. काही शाफ्ट, विशेषतः कार्बन फायबरचे, 30 इंचांचे असतात, आणि बटच्या मागे एक्स्टेन्शन (लांबी वाढवणारा जोड) कायम लावून ठेवणारे खेळाडूही आहेत. खोली कमी पडली तर झाकण लागते खरे, पण ते टिपेवर किंवा पिनेवर (जॉइंटमधल्या स्क्रूवर) दाब देऊन लागते. तुमचा क्यू स्नूकरचा, तीन-चतुर्थांश जागी उघडणारा असता, तर मी इथे सांगितलेली कुठलीच केस चालली नसती, कारण त्याचा पुढचा तुकडा 40 इंचांहून लांब असतो. त्यासाठी वेगळी लांब पेटी मिळते.

जॉइंटच्या टोप्या क्यूबरोबर मिळाल्या नसतील तर केसबरोबरच घ्या, आणि त्या जॉइंटच्या मापाच्याच असाव्यात. उघडी पिन शेजारच्या शाफ्टवर घासली तर खोल ओरखडा पडतो, आणि शाफ्टच्या जॉइंटमधले उघडे लाकूड तिथून ओल शोषून घेते. शाफ्ट नळीत कोणत्या बाजूने सोडावा यावर खेळाडूंमध्ये एकमत नाही. टिप खाली ठेवली तर चॉकची (टिपेवर घासायच्या खडूची) पूड तळाशी साचते आणि केस उभी आपटली तर सगळा धक्का टिपेवर जातो. टिप वर ठेवली तर झाकणाखाली मोकळी जागा हवी. आतली खोली पुरेशी असेल तर मी टिप वर ठेवण्याच्या बाजूचा आहे. कुठल्याही बाजूने ठेवा, पण तळाशी मऊ गादी आहे याची खात्री करा. केस चिरडली जाण्यापेक्षा भिंतीला टेकवलेली केस घसरून पडणे कितीतरी अधिक वेळा घडते, म्हणून तळाला रबरी पाय असलेली केस मला नक्षीदार केसपेक्षा मोलाची वाटते.

उष्णता आणि ओल यांबाबत केसकडून लोक फार अपेक्षा ठेवतात. लाकूड हवेतली ओल शोषते आणि सोडते. असे करताना ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. हा बदल सर्व बाजूंनी सारखा झाला नाही की शाफ्टला बाक येतो. केस हा बदल मंद करते, थांबवत नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतले तापमान 60 अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते, आणि काही तासांत केसच्या आतही तीच उष्णता पोहोचते. त्यात लाकडाबरोबर जोडकामातले गोंदही सैल होऊ लागतात. म्हणून क्यू गाडीत ठेवायचा नाही, मग केस कितीही महाग असो. कार्बन फायबरचा शाफ्ट ओलीने वाकत नाही, पण बट बहुधा लाकडीच असतो, त्यामुळे हा नियम त्यालाही लागू आहे. उलट बाजूने, ओलसर फडक्याने पुसलेला शाफ्ट किंवा घामाने भिजलेला हातमोजा लगेच आत टाकून झाकण लावले तर केस ती ओल धरून ठेवते आणि आतले सगळे सादळते. आधी वाळू द्या, मग ठेवा. दमट हवेत सिलिका जेलची छोटी पुडी खिशात टाकली तर हरकत नाही, पण ढीगभर पुड्या घालून लाकूड कोरडे ठणठणीत करणेही बरे नव्हे. थंड जागेतून उबदार, दमट खोलीत आल्यावर केस थोडा वेळ बंदच राहू द्या, म्हणजे गार लाकडावर बाष्प जमत नाही.

चामड्याबद्दल थोडक्यात. ते सुंदर दिसते, नीट निगा राखली तर वर्षानुवर्षे टिकते, पण धक्का झेलतो तो आतला गाभा आणि पकड देते ते अस्तर. चांगले नायलॉन हलके असते, रिमझिम पावसात लवकर वाळते आणि पुसायला सोपे पडते. पैसे मोजायचेच असतील तर पट्ट्यापाशी लक्ष द्या. भरलेली केस जिथून लोंबते त्या जागी नुसती शिवण आहे की दुहेरी टाके आणि रिव्हेटही आहेत, कड्या धातूच्या आहेत की प्लास्टिकच्या, हे पाहा; केस जमिनीवर पडते ती बहुधा इथूनच सुटून. पट्टा खांद्यावर टाकल्यावर केस उलटी होण्याच्या बेताला येते का, तेही पाहा. झाकणाला चेन असेल तर तिचे दात धातूचे नसून नायलॉनचे असावेत, किंवा निदान आतून कापडाची पट्टी असावी, नाहीतर क्यू काढता-ठेवताना तेच दात बटवर घासतात.

खिसे दोन पुरेत: एक चॉक आणि टिप घासण्याच्या साधनासाठी, दुसरा हातमोजा व फडक्यासाठी. चॉक कधीही क्यूच्या कप्प्यात टाकू नका, त्याची पूड अस्तरात मुरते आणि शाफ्टला निळी झाक येते. पुढे जंप क्यू, म्हणजे चेंडू उडवण्यासाठीचा आखूड क्यू, घेतलात तर एक लांब खिसा उपयोगी पडेल. जागतिक पूल संघटनेच्या नियमांनुसार जंप क्यू किमान 40 इंचांचा हवा, पण उघडल्यावर त्याचे तुकडे इतके लहान होतात की नळीत टाकले तर तळाशी जाऊन बसतात आणि काढताना केस उलटी करावी लागते.

विमानाने जाणार असाल तर क्यू हातातल्या सामानात नेता येईल असे गृहीत धरू नका. अमेरिकेत टीएसए या वाहतूक सुरक्षा यंत्रणेच्या नियमांनुसार तो केबिनमध्ये नेता येत नाही आणि चेक-इन सामानात टाकावा लागतो. त्यामुळे कडक केस मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, तिरकी मावते का, हे घरीच पाहून ठेवा. 1×1 किंवा 2×2 सहसा मावते.

पैसे वाचवण्यासाठी वापरलेली केस घेतलीत तरी चालेल, फक्त आतला फोम तपासा. पॉलियुरेथेनचा फोम काही वर्षांनी हवेतल्या ओलीने झिजू लागतो, आधी चिकट होतो आणि मग त्याचा चुरा पडतो, आणि तो चिकटा पॉलिशवर बसला की निघता निघत नाही. एक पांढरे फडके काठीला गुंडाळून प्रत्येक कप्प्यातून तळापर्यंत फिरवा. निळी पूड निघाली तर ती साफ करता येईल, पण पिवळट चिकट कण निघाले तर ती केस परत द्या.